खांद्यावरचा नरहर

अयोध्या नगरच्या सामुदायिक भवनात चपलांचा ढीग पायऱ्यांवरून खाली घसरला होता. आत शंख वाजत होते. वर्षानुवर्षं मान न वळलेली माणसं दुखणी उतरवणाऱ्या बाबांपुढे शंख फुंकायची, डावीउजवीकडे बघायची आणि रडायची.

गेल्या महिन्यात रत्नप्रभाही रडली होती. कारखान्यात फिटर असलेला तिचा नवरा, नरहर, गेला आणि सासरच्यांनी बजावलं, वर्षभर गाणं नको. त्याच्या पेटीवर रोज कीर्तनातली पदं म्हणणारी बाई गप्प झाली. मग खांद्यांचे दगड झाले.

"मैया, कंधे पर पती बैठा है," बाबा म्हणाले होते. "पेटी में जी अटका है उसका. तालाब में छोडनी पडेगी."

तिनं शंख फुंकला, मान वळली. पेटी बाबांची माणसं घेऊन गेली.

दगड आठवड्यात परत आले. म्हणून आज ती पुन्हा आली होती. सोबत भाची कल्पना, कॉलनीच्या दवाखान्यात व्यायामोपचार करणारी. तिनं मावशीला पायरीवरच बसवलं, हात बरगड्यांवर ठेवायला लावले.

"नाकानं घे, बरगड्यांनी हात बाहेर ढकल. आता सोड. पदाचा शेवटचा सूर ओढायचीस ना, तसा."

सहाव्या श्वासाला मान वळली.

"मग खांद्यावर हे बसलेत ते?"

"कुणी बसलेलं नाही. दुःखात तू वरवर श्वास घेतेस. बरगड्या आखडतात, मग मानेचे स्नायू दिवसभर छाती उचलत राहतात. शंखानं श्वास लांब सुटतो, एवढंच. गाण्यानंही सुटायचा. ते आपण बंद केलं."

आत आरती सुरू झाली. पेटीची एक पट्टी दर वेळी टक् वाजत होती. रत्नप्रभा उठून आत गेली. घरच्या पेटीच्या तुटलेल्या पट्टीच्या जागी नरहरनं ॲल्युमिनियम घासून बसवलं होतं. ते समोर चमकत होतं.

"बाबा, ही तर तलावात सोडली होती."

"वैसी ही दूसरी है, मैया."

कल्पनानं पेटी कलती केली. तळाशी नरहरचं नाव कोरलेलं होतं.

"जल ने लौटा दी," बाबा हात जोडून म्हणाले. "माया है."

दोघंचौघं हसली. बाकीच्यांनी शंख सोडले नाहीत.

"महिनाभर," रत्नप्रभा जमलेल्यांना म्हणाली, "मी देवापुढे बसून माझ्या माणसाला खाली उतर म्हणत होते." तिनं पेटीचा भाता उघडला. "शंख घरीच फुंका. देवाचं नाव मोठ्यानं गा, छाती मोकळी होईल. पण गेलेल्या माणसाची भीती कुणी घातली, तर आधी त्याला पुरावा मागा. मी मागितला नाही."

आणि तिनं पद धरलं. पट्टी टक् वाजली.