एकादशीची कणीक

मी एक पखवाज आहे, आणि वाजवल्याशिवाय बोलायची ही माझी पहिलीच वेळ. आमच्या जातीत असं चालत नाही. थाप पडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी शिस्त. पण मला भजनात थाप पडून नऊ वर्षं झाली. किती दिवस गप्प बसायचं माणसानं? मी माणूस नाही, ठाऊक आहे मला. पण माणसांत एवढी वर्षं काढली की बोलणं त्यांच्यासारखंच होतं.

मी फणसाच्या लाकडाचा. तळेगावच्या एका कारागिरानं मला आतून कोरलं, दोन्ही तोंडांवर कातडी पुड्या चढवल्या आणि चामड्याच्या पट्ट्यांनी असं आवळलं की मी पहिल्याच थापेला खणखणीत बोललो. माझ्या उजव्या तोंडावर काळी शाई आहे, ती कायमची. डावं तोंड मात्र लाडावलेलं. त्याला दर वेळी ताजी ओली कणीक लागते. गव्हाच्या पिठाचा गोळा पुरीएवढा थापून बसवायचा, मग माझा आवाज पोटातून निघतो. कणीक नसेल तर मी नुसता रिकामा डबा. आणि वाजवून झालं की ती कणीक नखानं खरवडून काढायची, नाहीतर वाळून कातडं तडकतं. माझं खाणंपिणं म्हणाल तर एवढंच.

वराळ्याजवळच्या एका वाडीत मी आलो. तिथल्या भजनी मंडळाचे म्हातारे गेणूआबा मला घेऊन आले आणि त्यांनी मला नथूच्या मांडीवर ठेवलं. नथू तेव्हा पंचविशीतला. दिवसा कंपनीत कामाला, सुट्टीला भाताच्या खाचरात, आणि एकादशीला संध्याकाळी देवळात माझ्यासमोर. काय हात होता त्याचा! डोळे मिटून वाजवायचा. देव आहे की नाही, असा विचार त्याच्या मनात कधी आलाच नसेल. भूक आहे की नाही, असं कुणी विचारतं का? तसंच ते.

कणीक मळायची त्याची बायको, बयाबाई. एकादशीला घरात सगळ्यांना उपास, चूल पेटायची ती वरीच्या तांदळाला नाहीतर रताळ्यांना. त्या दिवशी पिठाचा डबा उघडायचा तो फक्त माझ्यासाठी. मला याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू! आणि तो गोळा आणून द्यायचं काम स्नेहलचं. नथूची पोर. चालायला लागल्यापासून तिनं हे काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. तळहातावर गोळा घेऊन पळत यायची, निम्मी कणीक बोटांना, थोडी तोंडात.

"बाबा, गोळा!"

"आगं, कच्ची खाती का काय? पोटात दुखंल."

"थोडीशीच खाल्ली. त्याला ठेवलीया." तो म्हणजे मी.

स्नेहल नऊ वर्षांची होती. दिवाळी होऊन गेली होती आणि भाताची झोडणी चालली होती. नथूनं कंपनीत रजा टाकली होती. दुपारी स्नेहल भाऱ्यांच्या आडोशाला पाण्याची कळशी आणायला गेली आणि ओरडली. पायाच्या घोट्याजवळ दोन टिपके. नाग होता, गेणूआबांच्या नातवानं भाऱ्याखाली सरकताना पाहिला.

आमच्या वाडीत साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आणि पान लागलं की माणसाला भैरोबाच्या देवळात न्यायचं, देवासमोर बसवायचं, झोपू द्यायचं नाही आणि भजन धरायचं. विष उतरेपर्यंत भजन थांबवायचं नाही. पिढ्यान् पिढ्या असंच. नथूनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि देवळाकडं पळाला. बयाबाई घरी जाऊन मागून धावत आली, तिच्या एका हातात मी होतो आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत घाईघाईनं मळलेला गोळा.

तळेगावचा दवाखाना मोटारसायकलवर पंधरा मिनिटांवर होता. देवळाच्या पायरीलाच तीन मोटारसायकली उभ्या होत्या.

नथूनं वाजवायला सुरुवात केली. तसं त्यानं आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं, आणि मीही तसा कधी वाजलो नव्हतो. खरं सांगतो, आणि सांगताना मला माझी किळस येते, त्या दिवशी माझा आवाज इतका सुरेख लागला होता. पोर बापासमोर गेणूआबांना टेकून बसली होती. अर्ध्या तासानं म्हणाली, "बाबा, मला दोन पखवाज दिसत्यात."

"डोळं मिटू नगंस, बाळ. हितं बघ. माझ्याकडं बघ."

तिच्या पापण्या खाली यायला लागल्या. ती बोटांनी उचलून धरायची, सोडल्या की परत खाली. सगळे म्हणाले, विष उतरतंय, म्हणून गुंगी येतीय. जोरात धरा. नथूनं जोरात धरलं. तासभर, सव्वा तास. मग पोरीचं डोकं आबांच्या छातीवरून घसरलं आणि टाळ थांबले. नथूचे डोळे मिटलेले होते. सगळे थांबल्यावरही तो थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला.

मी तेव्हापासून एकच गोष्ट मनाशी म्हणत आलोय. माझी पुडी फाटायला हवी होती. कातडंच ते, कितीतरी पखवाजांचं ऐन भजनात फाटतं. माझं त्या पहिल्या दहा मिनिटांत फाटलं असतं तर भजन थांबलं असतं. नथूनं डोळे उघडले असते. कुणीतरी म्हणालं असतं, अरे, गाडी काढा. पण मी मेला चांगल्या कातड्याचा निघालो.

तेराव्यानंतर नथूनं गळ्यातली माळ काढली. देव्हाऱ्यातले देव टॉवेलात गुंडाळून भावाच्या घरी देऊन आला. मला मात्र त्यानं देऊन टाकलं नाही. तोंड भिंतीकडं करून खुंटीला अडकवलं, बस्स. तेव्हापासून घरातलं सगळं मला फक्त आवाजावरून कळायचं. वाडीतल्या लोकांनी समजूत काढली, धाक घातला. तो एवढंच म्हणायचा, "देव न्हाई. आसता तर त्यो बहिरा न्हाई का म्हनायचा?"

पण हातपाय गाळून बसणाऱ्यातला तो नव्हता. पान लागलं की आधी दवाखाना, हे तो गावोगाव सांगत फिरला. कंपनीत सांगितलं, आठवडी बाजारात सांगितलं, पार कार्ल्यापर्यंत जाऊन सांगितलं. दोन वर्षांखाली वाडीतल्या जानूच्या म्हातारीला पान लागलं तेव्हा यानं तिला आपल्या पाठीशी पंच्यानं बांधून मोटारसायकलवर नेलं. म्हातारी वाचली. तिच्या घरच्यांनी लगेच भैरोबाला नारळ फोडला. ते ऐकून नथू हसला की रडला, मला भिंतीकडं तोंड असल्यानं दिसलं नाही.

त्याची बोटं मात्र मला ऐकू यायची. जेवायच्या ताटावर, दाराच्या चौकटीवर, कंपनीच्या डब्यावर. भजनाचाच ठेका, दुसरा कुठला येणार? लक्षात आलं की मूठ आवळायचा. एकादशीला देवळाच्या कर्ण्यातून भजन यायचं. मंडळाला दुसरा वाजवणारा मिळाला नाही, आता मोबाईलमधला ठेका लावतात. नथू दार लावून आत बसायचा आणि पुटपुटायचा, "गेनूआबा ठेक्याच्या म्होरं पळत्यात. धरा की त्यास्नी कुनीतरी." 

त्याला देव नको होता, तुम्हाला शपथेवर सांगतो. त्याला ती संध्याकाळ हवी होती. दहा माणसांनी एका ठेक्यावर माना हलवायच्या, कुणीतरी चहा सांगायचा, घामेजलेल्या अंगानं घरी यायचं. पण हे सांगणार कुणाला? भजनातल्यांना सांगावं तर म्हणतील, आला बघा वळणावर. देव न मानणाऱ्या नव्या दोस्तांना सांगावं तर म्हणतील, अजून सुटलं नाही होय? आणि स्वतःला सांगावं, तर जे पोरीच्या जिवावर बेतलं त्याचीच आठवण काढतोस, लाज नाही वाटत?

पंधरवड्यापूर्वीच्या एकादशीला, रविवार होता, दुपारी तळेगावची एक मुलगी आली. कौमुदी तिचं नाव, कॉलेजात शिकते. देवधर्म सोडलेल्या लोकांची माहिती गोळा करत होती. नथूचं नाव तिला कुणीतरी सांगितलं. कागदावर प्रश्न छापून आणलेत म्हणाली. तिनं एक वाचला, "देवधर्म सोडल्यावर काही चुकल्यासारखं वाटतं का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी."

"कधीच न्हाई," नथू म्हणाला.

तिनं खूण केली. मग जरा थांबून म्हणाली, "काका, हे काय वाजवताय?"

त्याची बोटं खुर्चीच्या हातावर चालली होती. ती थांबली, हात मांडीखाली घेतला असणार. "काय न्हाई. सवय हाय."

मुलगी चांगली होती. पेन मिटवून म्हणाली, "मीपण सोडलंय. पण गणपतीत घरी सगळे आरतीला टाळ्या वाजवायला लागले ना, की मी आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसते."

"मग यायचं भाईर. वाजवायच्या टाळ्या."

"खोटं वाटतं हो."

"व्हय," नथू म्हणाला. "त्येच."

तिनं ती खूण बदलू का म्हणून विचारलं. नथू नको म्हणाला.

मुलगी गेली आणि उन्हं कलली. बयाबाईनं पिठाचा डबा उघडला. आता तुम्हाला सांगायला हवं, या नऊ वर्षांत बयाबाईनं एकही एकादशी चुकवली नव्हती. दर एकादशीला ती एक गोळा मळायची आणि वाटीत घालून माझ्या खुंटीखाली ठेवायची. सकाळी तो वाळलेला गोळा कोंबड्यांना. तिनं देव धरलाय की सोडलाय, हे कुणी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलंही नव्हतं. नथू नेहमी समजत आला की ती आपल्याला परत भजनाला लावायला बघतेय. मलाही तेच वाटायचं. मला तर त्या वाटीचाच काय तो आधार होता.

त्या दिवशी नथू आधीच कातावलेला. त्यानं वाटी उचलली आणि अंगणात भिरकावली.

"किती येळा सांगू? न्हाई वाजवनार मी! मरंस्तवर न्हाई. कशापायी मळतीस?"

बयाबाई उंबऱ्यात उभी राहिली. "तुमच्यासाठी कवा मळते मी?"

"मग?"

"ती मागायची नव्हं का. माझ्या मागं मागं फिरायची, आई, झाला का गोळा, झाला का गोळा. एकादशीला सांच्याला मला अजून ऐकू येतं. मग हात गप ऱ्हात न्हाईत. मी मळते आन् ठिवते. घिऊन जाईल म्हनून." आणि ती बसलीच खाली.

 नथू अंगणात गेला, गोळा उचलला, त्याची माती पुसली. आत येऊन मला खुंटीवरून काढलं. नऊ वर्षांनी मला घर दिसलं. नथू म्हातारा दिसला मला. चाळिशीतला माणूस, पण म्हातारा. त्यानं मला मांडीवर घेतलं, गोळा माझ्या डाव्या तोंडावर थापला आणि अंगठ्यानं कडेनं नीट बसवला. देवाशप्पथ, मी थरथरलो.

त्यानं एकच थाप मारली.

"नगं!" बयाबाई दोन्ही कान दाबून ओरडली. "नगं ओ, नगं. त्या दिसाचाच आवाज हाय ह्यो."

त्याचा हात हवेतच राहिला. मग त्यानं तो माझ्यावर ठेवला, कणकेवर, अलगद. आवाज होऊ दिला नाही. तीही सरकत जवळ आली. दोघं तशीच बसून राहिली. देवळात मोबाईलचा ठेका सुरू झाला. घरात देव नाही, दिवा नाही, गाणं नाही. कणीक वाळायला लागली तशी नथूनं ती नखानं खरवडून काढली आणि मला परत खुंटीला लावलं. या वेळी तोंड घराकडं करून.

पुढच्या एकादशीलाही असंच झालं. काल होती ती. बयाबाईनं मळलं, नथूनं लावलं, दोघं बसली, त्यानं काढलं. आता हे असंच चालणार, मला दिसतंय. यांनी देव सोडला आणि त्या सोडलेल्या जागेभोवती ही दोघं दर पंधरवड्याला येऊन बसणार.

पण मला हे सोसवत नाही हो. कणीक लावून पखवाजाला गप्प बसवायचं, याहून वाईट काही नाही. तोंडात घास घालून गिळू नको म्हणण्यासारखं आहे ते.

म्हणून आज न वाजवता बोललो. देवासाठी वाजव म्हणत नाही मी, नथू. मलाही आता देवाचं काही सांगता येत नाही. बयाबाई, तूही कान उघडे ठेव गं, एकदाच. रडायचं तर रड. अर्ध्यात थांबलेलं ते भजन तुमच्या दोघांच्या आत नऊ वर्षं चाललंय, ते संपव नथू. जोरात धर. माझं कातडं आता जुनं झालंय, वाळलंय, फार टिकायचं नाही. त्या दिवशी फाटायला हवं होतं, नाही फाटलं. आता वाजव, फाटेपर्यंत वाजव.