डावी बट, उजवी बट

"या, जवळ या! ही बाई चावत नाही," मकेरेता ओरडली आणि तिने हातातला लाल स्ट्रेटनर चिमट्यासारखा वाजवून दाखवला. "दात आहेत, पण चावत नाही."

स्टुलावर बसलेली उनाइसी मान न हलवता म्हणाली, "चावण्यासारखं समोर काही आहे का? नुसती हाडं!"

"ऐकलंत? माझ्याकडे काम करते आणि मलाच हाडं म्हणते."

"काम मी करते म्हणून तर तू बडबडत उभी राहू शकतेस."

पार्लरच्या दारात जमलेल्या बायका खिदळल्या. लौटोका या बेटावरच्या शहरात बाजाराशेजारी दर शनिवारी सकाळी हा खेळ रंगायचा. भाजीच्या पिशव्या घेऊन निघालेल्या बायका थांबायच्या त्या आधी या दोघींच्या तोंडाळपणासाठी आणि मग क्रीमसाठी.

मकेरेता ही उनाइसीची मामेबहीण. मामा-आत्याच्या मुली एकमेकींच्या दौवे, आणि दौवेंनी एकमेकींशी सरळ बोलायचेच नसते. नणंद-भावजयीची थट्टा त्यापुढे अळणी वाटावी. दौवेने काही मागितले तर नाही म्हणायचे नाही, दौवेने खोडी काढली तर रागवायचे नाही, आणि दौवे चांगले वागू-बोलू लागली तर तिला ताप आलाय असे समजायचे. या दोघी परकरात होत्या तेव्हापासून एकमेकींना असेच सोलत आल्या होत्या. त्यांच्याइतके एकमेकींचे दुसरे कोणी नव्हते.

मकेरेताने उनाइसीच्या डाव्या कानामागची बट ओढून काढली, तिला डब्यातली पांढरी क्रीम चोळली आणि वाळू दिली. "ही क्रीम धुवायची नाही. लावायची आणि विसरून जायचं. आता बघा." लाल स्ट्रेटनर फिरला आणि घट्ट वळलेली बट सरळ, चकचकीत झाली. मग उजव्या कानामागची बट. तिला क्रीम नाही, नुसता काळा स्ट्रेटनर. धूर निघाला, करपल्याचा वास सुटला, एक बाई नाक धरून मागे सरकली. मग दोन्ही बटांवर पाणी. डावी बट बघता बघता आखडली आणि पुन्हा कुरळी होऊन डोक्याला चिकटली. उजवी काथ्यासारखी लोंबत राहिली.

"स्ट्रेटनर दोन, पण आच एकच," मकेरेता म्हणाली. दोन्हींवरच्या तापमानाच्या आकड्यांवर तिने जखमेला लावायची पट्टी चिकटवली होती. कोणी विचारलेच तर म्हणायची, "आकडा दिसला की गिऱ्हाईक केस सोडून आकड्याशी भांडत बसतं."

शेवटचे वाक्य उनाइसीचे असे. "बायांनो, डोकं माझं आहे. स्वतःच्या डोक्याबद्दल मी खोटं बोलेन का?"

त्यावर कोणी काही विचारत नसे. कारण ते डोके साधे नव्हते. डोक्याभोवती गोल, दाट उभे राहणारे केस, ज्यांना तिकडे बुइनिंगा म्हणतात, ते उनाइसीसारखे आसपास कोणाचे नव्हते. सांबेतोच्या खोऱ्यातल्या तिच्या गावात बसून करायच्या नाचात पहिल्या ओळीत मधोमध बसायचा मान आधी तिच्या आईचा होता, मग तिचा. आता तो तिच्या मुलीकडे, लोसालिनीकडे यायचा होता. गावात नवे सभागृह बांधून झाले होते आणि पुढच्याच्या पुढच्या शनिवारी त्याचे उद्घाटन होते. म्हाताऱ्या बुबूने, म्हणजे आजीने, नातीला नाचात नेसायला झाडाच्या सालीचे कापड कधीच रंगवून ठेवले होते.

उजव्या कानामागे आता बोटभर खुंट उरले होते. ते उनाइसी केस फुगवून झाकायची. दौवेने मूठभर केस मागितले, तिने दिले. त्यात मनाला लावून घेण्यासारखे तिला कधी काही वाटले नाही.

लोसालिनीची शाळा संपत होती आणि शेवटच्या शुक्रवारी शाळेत नाचाचा कार्यक्रम होता.

"आई, एकदाच. सगळ्या मुली केस सरळ करतायत."

"आणि सभागृहात काय शेपटासारखे केस घेऊन बसशील? बुबू मला भट्टीत घालून भाजेल."

"अगं, धुतले की होतील ना परत! तुझी बट होते तशी."

मुलीचे म्हणणे उनाइसीला पटले. दर शनिवारी ती हेच तर लोकांना पटवत होती.

शुक्रवारी दुपारी तिने मकेरेताकडे स्ट्रेटनर मागितला. खुर्चीत प्रेमिलाबाई डोक्याला रंग लावून बसल्या होत्या. जुन्या गिऱ्हाईक, सगळ्या गल्लीत क्रीमचे गुण गाणाऱ्या.

"पोरीसाठी हवाय. आज नाच आहे शाळेत."

मकेरेताचा हात लाल स्ट्रेटनरकडे गेला आणि थांबला. "लाल मला लागेल आता. काळा ने."

"चालेल ना गं?"

मकेरेताने आरशातून प्रेमिलाबाईंकडे पाहिले. "न चालायला काय झालं? क्रीम भरपूर लाव म्हणजे झालं. आणि उद्या परत आण, नाहीतर तुझ्या नवऱ्याला ठेवून घेईन."

"आजच घे. खायला फार लागतं त्याला."

संध्याकाळी उनाइसीने मुलीला पुढ्यात बसवले आणि स्वतःच्या हाताने तिचे केस सरळ केले. एकेक बट घेतली, क्रीम चोळली, स्ट्रेटनर फिरवला. मधूनच चर्र आवाज यायचा, धूर निघायचा. वास ओळखीचा होता. क्रीम कमी पडली असेल, असे म्हणून तिने आणखी लावली. लोसालिनीने आरशात डोके एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुलवले तेव्हा केस खांद्यावरून पाण्यासारखे सरकले. पोर इतकी हसली, की उनाइसीला वाटले, आपल्या नोकरीचे एकदाचे चीज झाले.

शनिवारी तिने स्टुलावर बसून नेहमीचे वाक्य म्हटले आणि पुढे स्वतःचे जोडले, "आणि कालच माझ्या पोरीचे केलेत. स्वतःच्या पोरीच्या डोक्याला कोणी उगाच हात लावतं का?" त्या दिवशी डबे भराभर गेले. मकेरेताने मात्र त्या वाक्यावर टोमणा मारला नाही. डब्यांची झाकणे पुसत राहिली.

रविवारी सकाळी लोसालिनीने नळाखाली डोके धुतले. केस उभे राहिले नाहीत. उनाइसीने खोबरेल चोळले, पुन्हा धुतले, लाकडी फणीने उचलून पाहिले. ओल्या सुतळ्यांसारखे ते कानांवर पडून राहिले. फणी जरा जोराने ओढली तर मूठभर केस तसेच निघून आले, मधूनच तुटलेले.

"आई, डावी बट तर उभी राहते ना तुझी?" लोसालिनी म्हणाली. तिने ओरडाआरडा केला नाही. खरेच कळत नसल्यासारखे विचारले. "मग माझे का नाही? तूच म्हणालीस."

सोमवारी उनाइसी पार्लरमध्ये लवकर पोचली. मकेरेता पाव आणायला गेली होती. उनाइसीने दोन्ही स्ट्रेटनर पुढ्यात घेतले, नखाने पट्ट्या खरवडून काढल्या आणि बटणे दाबली. आकडे वर चढत गेले. लाल दीडशेवर थांबला. काळा दोनशे तीसवर.

मकेरेता पाव काखेत धरून आत आली. "सकाळी सकाळी स्वतःलाच इस्त्री करायला बसलीस होय? नको कष्ट घेऊस. सुरकुत्या नाही जायच्या त्यानं."

"हा दीडशे," उनाइसी म्हणाली. "आणि हा दोनशे तीस."

मकेरेताने पाव टेबलावर ठेवला. "अगं, धंदा आहे. थोडं करावं लागतं."

"माझी बट क्रीमनं वाचत नव्हती."

"क्रीमनंही वाचते! थोडी वाचते, खोटं नाही ते. पण थोडं वाचवणारी क्रीम कोण विकत घेतं? तू घेतली असतीस?"

"लोसालिनीचे केस हातात येतायत."

मकेरेता मटकन स्टुलावर बसली, त्याच शनिवारच्या स्टुलावर. "फार?"

"काळा तू दिलास."

"प्रेमिलाबाई बसल्या होत्या ना इथे! त्यांच्यासमोर काय सांगू, की लाल ने, काळ्यानं जळतात? क्रीम लावूनही जळतात? मला वाटलं, एकदाच करतेय पोर. एकदा केल्यानं काय होतंय."

"मागनं यायचं. रस्त्यात गाठायचं. घर माहीत नाही का तुला माझं? आणि परवा मी सगळ्यांसमोर पोरीचं नाव घेतलं, तेव्हा तरी तुझी जीभ का नाही हलली? एरवी तर तिला हाड नसतं."

मकेरेताने तिच्या गुडघ्यावर चापट मारली आणि हसायचा प्रयत्न केला. "जाऊ दे गं. दौवे आहोत आपण. दौवेत एवढी मस्करी—"

उनाइसीने तिचा हात गुडघ्यावरून बाजूला केला. केस जळाले ते जळाले. पण बहीण आता लबाडी नेऊन ठेवत होती ती थट्टेच्या घरात, जिथे रागवायची बंदी होती, जिथे उनाइसीला जन्मभर सगळ्यात सुरक्षित वाटत आले होते. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच, आणि कापून झाल्यावर वर गुदगुल्याही करायच्या. डोके माझे आहे, असे ती इतके दिवस सांगत होती. डोके तिचे होते, पण त्याच्या तोंडातून बोलत होती मकेरेता. गावातल्या किती जणींनी त्या बोलण्यावर डबे नेले, ते आठवून तिला त्या सगळ्यांपुढे लाज वाटू लागली.

तिने दोन्ही स्ट्रेटनर बंद केले, एप्रन काढून त्याची घडी घातली आणि तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"कुठे चाललीस? अगं, शिव्या तरी दे!" मकेरेता मागून ओरडली. "उनाइसी! काहीतरी बोल!"

गावी गेल्यावर बुबूने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा तिच्या बोटांना सगळे कळले. "कोणी केलं?" एवढेच तिने विचारले.

"मी," उनाइसी म्हणाली. "माझ्या हातानं."

बुबूने कात्री मागवली. नातीला पायरीवर बसवून तिने केस मुळाजवळून कापले, अगदी हळू, पोर रडेनाशी होईपर्यंत वेळ लावून. मधली जागा उनाइसीच्या जावेच्या मुलीला गेली. बुइनिंगा नसलेली मुलगी मधोमध कशी बसणार, हे कोणी बोलून दाखवले नाही आणि दाखवायची गरजही नव्हती. रंगवलेले कापडही त्याच मुलीला दिले.

उद्घाटनाच्या दिवशी सभागृहामागे बायका कसाव्याचे कंद सोलत होत्या. जमिनीतल्या भट्टीवरची माती अजून गरम होती. तेवढ्यात फाटकातून खणखणीत आवाज आला.

"इथल्या म्हाताऱ्या स्वयंपाक करणार असं ऐकलं, म्हणून मी घरूनच जेवून आले!"

मकेरेता होती. आत्याच्या गावचा समारंभ, न येऊन कशी राहील? काखेत गुंडाळलेल्या चटया होत्या, भेट द्यायच्या, चांगल्या रुंद, लोकरीची झालर लावलेल्या. बायका हसल्या, हातातल्या सुऱ्या थांबल्या आणि सगळ्या उनाइसीकडे पाहू लागल्या. आता ही काय परतवते, याची वाट पाहत.

उनाइसीने हात पुसले. ती पुढे गेली, मान किंचित लववली आणि दोन्ही हातांनी चटया घेतल्या.

"या," ती म्हणाली. "लांबून आलात. फार चांगल्या चटया आणल्यात."

एका बाईच्या तोंडावरचे हसू तसेच अर्धे राहिले. मकेरेताने इकडेतिकडे पाहिले. "काय गं, ताप आलाय का तुला?"

"नाही, बरी आहे. उन्हातून आलात, दमला असाल. बसा ना, पाणी आणते."

"उनाइसी, अगं मी आहे," मकेरेता हळू आवाजात म्हणाली. "शेळीसारखी दिसतेस म्हण. काहीही म्हण."

"पाणी आणते," उनाइसी पुन्हा म्हणाली, तितक्याच गोडीने. आणि तिने त्याच चटयांतली एक समोर नेऊन अंथरली, जिथे सरकारी पाहुणे आणि पाद्री बसले होते तिथे.

मकेरेता आजवर या गावात कधी पुढे बसली नव्हती. ती नेहमी मागे, बायकांत, कसावा सोलत, सगळ्यांची टर उडवत बसायची. आता ती पाय दुमडून त्या नव्या चटईवर बसली. तिच्यासमोर नारळपाणी ठेवले गेले, मग अळकुड्या, मग मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा.

नाच सुरू झाला. ओळीच्या अगदी टोकाला लोसालिनी बसली होती. फूल अडकवायला केस नव्हते, म्हणून बुबूने जास्वंदीचे फूल दोऱ्याने तिच्या कानाला बांधले होते. मुली डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या, टाळ्या एकदम पडल्या. उनाइसी मागून ताल धरत होती. ताट रिकामे झाले की नाही हे बघायला ती मधूनमधून पाहुण्यांकडे नजर टाकायची. मकेरेताचे ताट भरलेलेच होते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्याशी अदबीने वागत होता.