अर्धं पातं

"निवड की," उस्ता बरकात म्हणाला. "शिकलेली आहेस ना? निवड."

टेबलावर त्यानं चार पाती आपापल्या कागदासकट मांडली होती, पत्त्यांचा डाव मांडावा तशी. समोर सून बसलेली, रदवा. तिच्या मांडीवर सात दिवसांची मलक झोपली होती. आज मलकचा सुबू, सातव्या दिवसाचा सोहळा. आज तिचं जावळ आजोबाच काढणार, हे दमनहूरच्या त्या गल्लीत पोर जन्मायच्या आधीच ठरून गेलं होतं. गल्लीतला एकुलता एक न्हावी सख्खा आजा असताना दुसरं कोण काढणार?

हा सापळा आहे हे रदवाला कळत होतं. तरी तिनं चारही कागद उलटून पाहिले. औषधांच्या दुकानात दिवसभर ती दुसरं करते काय? जपानी पात्याला मेणाचा दुहेरी कागद होता, वर तारीख होती.

"हे. सगळ्यात धारदार हेच ना?"

"हेच." म्हातारा मनापासून हसला. "हे सब्री खाटकाचं. त्याची दाढी म्हणजे काथ्या. तुझ्या लेकीच्या डोक्यावर काथ्या उगवलाय का?" मग एकेका पात्यावर बोट ठेवत गेला. "निळं घाईतल्या माणसाचं, कातडीवर रागावतं. तांबडं नवरदेवाचं, तीन दिवस गाल लोण्यासारखा आणि चौथ्या दिवशी पुरळ. आणि हे हिरवं, आपल्याकडचं, सगळ्यात स्वस्त. पण मवाळ. कातडीला विचारून पुढं जातं. तान्ह्या पोराला हेच. धारदार पातं चूक माफ करत नाही, दक्तोरा."

"चूक करणार आहात का, अम्मो?"

सासऱ्याला ती अम्मो, म्हणजे काका, म्हणे. औषधवाल्या बाईला गल्लीत सगळेच दक्तोरा म्हणत, आदरानं. सासऱ्याच्या तोंडात त्या शब्दाला काटा असे.

"मशीन वापरा," ती म्हणाली. "थोडे केस राहिले तर राहिले."

"मशीन मेंढ्यांना."

"अगं बाई, अर्ध्या गल्लीची जावळं ह्यांनी काढलीत," सासू हमीदा स्वयंपाकघरातून ओरडली. "तुझ्या नवऱ्याचंसुद्धा. त्याचं डोकं काय गळून पडलं?"

"आत काही उरलंय का, ते बघायला हवं," उस्ता म्हणाला. शिडीवर चढलेला तिचा नवरा तारिक दिव्यांची माळ लावत राहिला. बापाला उत्तर द्यायची त्याला सवय नव्हती.

रदवा लहान असताना गावात शुक्रवारी तुतीच्या झाडाखाली न्हावी बसे. वस्तरा एक, हनुवट्या चाळीस. तिचा बाप बावन्नाव्या वर्षी गेला तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते, पोट ढोलासारखं. व्हायरस सी, रक्तातून रक्तात जाणारी कावीळ. कुठून आला, हे कुणाला सिद्ध करता आलं नाही. रदवाला पुराव्याची गरजच वाटली नाही. पुढं तिचं लग्न झालं ते न्हाव्याच्याच घरात. याला नशीब म्हणायचं की थट्टा?

आणि तीन वर्षांपूर्वी, सरकारनं गावोगाव लोकांचं रक्त तपासलं तेव्हा, उस्ता बरकातचा कागद पहिल्यांदा तिच्याच हातात पडला होता. त्यालाही तेच. त्या दिवशी त्यानं टोमणा मारला नाही. "दुकानात कळलं तर मी संपलो, पोरी," एवढंच म्हणाला. ती त्याला चार वेळा रेल्वेनं अलेक्झांड्रियाला घेऊन गेली, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. घरच्यांना पोटाच्या म्हणून सांगून बारा आठवडे खऱ्या गोळ्या दिल्या. शेवटचा कागद स्वच्छ आला. घरात कुणालाही, तारिकलासुद्धा, पत्ता लागला नाही. त्यानंतर दोघं एकमेकांच्या जास्तच वाकड्यात शिरली. ज्यानं आपल्याला घाबरलेलं पाहिलं, त्याला माणूस सहसा माफ करत नाही.

दुपारच्या नमाजानंतर घर माणसांनी भरलं. मलकला चाळणीत ठेवली. हमीदानं तिच्या कानाशी पितळी खलबत्ता दणादणा वाजवला. "आईचं ऐक गं! बापाचं ऐकू नको! आजोबाचं तर मुळीच नको!" लोक हसले. रदवानं रीतीप्रमाणं चाळणी सात वेळा ओलांडली आणि प्रत्येक वेळी तिची नजर कोपऱ्यातल्या, वस्तरा ठेवलेल्या तबकाकडं गेली.

उस्तानं कोपरापर्यंत हात धुतले. हिरवं पातं उचललं आणि कागदातच कडाडकन मधोमध मोडलं. वस्तऱ्यात अर्धंच बसतं. मग बाही वर करून त्यानं वस्तरा स्वतःच्या हातावरून फिरवला. पांढरे केस गळाले.

"पहिली धार मी खातो," तो पाहुण्यांना म्हणाला. "म्हणजे लेकराला चावत नाही."

"खा, उस्ता, खा," सब्री खाटीक म्हणाला. "मिठाई कमी आहे, तू पातंच खा."

म्हातारा हसत तबकाकडं वळला. काही क्षण त्याची पाठ दिसली. मग तो वस्तरा घेऊन फिरला आणि हमीदाच्या मांडीवरच्या मलकवर वाकला. ओल्या केसांखाली तिची टाळू धकधक करत होती. रदवाला तेवढंच दिसत होतं. ती टाळू, त्याचा केस गेलेला हात आणि पातं.

"हात लावू नका तिला!"

सगळे वळले.

"त्याच पात्यानं? तुमच्या अंगात व्हायरस सी होता, अम्मो! त्याच पात्यानं माझ्या लेकीला?"

ती 'होता' म्हणाली होती. पण ऐकणाऱ्याच्या कानाला काळ नसतो. सब्री खाटकाचा हात आपोआप स्वतःच्या जबड्याकडं गेला. सकाळीच तो दुकानात दाढी करून आला होता. त्याच्या शेजारच्यानं गालाला हात लावला. मग त्याच्या पलीकडच्यानं.

उस्ता बरकातनं सुनेकडं पाहिलं. वस्तरा तबकात ठेवला. बाही खाली ओढून तिचं बटण लावलं. त्याला वेळ लागला, पण कुणी मदतीला गेलं नाही.

"मशीन आण रे, तारिक," म्हणाला आणि दार उघडून खाली गेला.

संध्याकाळी तबक आवरताना रदवाला पात्याची दोन्ही अर्धी सापडली. एक कापसावर टाकलेलं, त्याच्या धारेला पांढरे केस चिकटलेले. दुसरं वस्तऱ्यात बसवलेलं, कोरं. पाठ वळवली तेव्हा त्यानं ते बदललं होतं. एका पात्याला दोन धारा. एक न्हाव्याची, एक लेकराची. गल्लीतल्या प्रत्येक जावळात हे असंच व्हायचं, चाळिशीपुढच्या सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तिला नव्हतं. बाप गेल्यापासून ती न्हाव्याच्या हाताजवळ कधी उभीच राहिली नव्हती.

"ते बरे झालेत, हे तुला माहीत होतं?" तारिकनं विचारलं.

"गोळ्या मीच दिल्या."

तो शिडीवर चढला आणि माळेतले दिवे एकेक करून काढू लागला.

दुसऱ्या दिवसापासून रदवा लेकीला छातीशी धरून दारोदार फिरली. बरे झालेत, तीन वर्षं झाली, हा बघा कागद. "हो हो, दक्तोरा. अल्लाह त्यांना बरं करो," लोक म्हणत आणि दार लावून घेत. ज्यांना अर्ध्या पात्याची रीत माहीत होती, तेही. आता कुणाला पात्याचं काही पडलेलं नव्हतं.

"रमजान नाही, हज नाही," हमीदा खिडकीतून बघत म्हणाली, "आणि अख्खी गल्ली दाढ्या वाढवून बसलीय. तुझ्यामुळं लोकांना धर्म आठवला गं बाई. पुण्य लागेल."

सोहळ्यानंतर नवव्या दिवशी रदवा सासऱ्याच्या दुकानात गेली. उस्ता गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता, आरशाकडं पाठ करून.

"तेव्हाच का नाही बोललात?" तिनं दारातूनच विचारलं. खरं तर तिला माफी मागायची होती. आवाज मात्र भांडणाचाच निघाला. "दुसरं अर्धं दाखवायचं! सगळ्यांसमोर दाखवायचं!"

"दाखवलं असतं. तू म्हणाली असतीस, चुकलं. पात्याचा प्रश्न मिटला असता." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "रक्ताचा कसा मिटवणार होतीस?"

रदवानं खांद्यावरच्या मलकला छातीशी ओढलं.

"तू माझं मढं त्या रेल्वेतच टाकून यायचं होतंस," तो शांतपणे म्हणाला. "अलेक्झांड्रियाला नेऊन बरं करायचं आणि घरी आणून मारायचं. एवढा खर्च कशाला?"

मलक चुळबुळली. म्हाताऱ्यानं तिच्या मशीननं खरखरीत झालेल्या डोक्याकडं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"दक्तोरा," तो म्हणाला. या वेळी शब्दाला काटा नव्हता, आणि त्यामुळंच ती दचकली. "तुझ्याकडं हातमोजे असतात ना? पातळ असतील ते. एक डबा दे."

ती डबा घेऊन आली तेव्हा सब्री खाटीक दुकानात उभा होता. नऊ दिवसांच्या दाढीनं त्याचं तोंड काळवंडलं होतं. खिशातून त्यानं पात्यांचं पाकीट काढलं, निळं.

"वाईट वाटून घेऊ नको, उस्ता. बायको म्हणाली, पातं आपलं न्यायचं."

"हे तुला चालत नाही. तुला कितीदा सांगितलंय."

"आज चालेल."

"बस."

उस्तानं डब्यातून हातमोजे काढले. उजवा नीट चढला. डावा अंगठ्याशी अडकला, त्यानं दातांनी ओढला. सब्रीनं डोळे मिटून घेतले. फेस झाला. मग उस्तानं नेहमीसारखी डाव्या हाताची बोटं त्या जबड्यावर टेकवली. केस कुठून कुठं वळतात ते बोटांनी वाचायचं, मगच वस्तरा लावायचा, ही त्याची पद्धत. बोटं कानापासून खाली गेली, हनुवटीशी थांबली. पुन्हा वर गेली. रबराच्या आत त्यांना काही लागत नव्हतं. म्हातारा वाकला, चष्म्यासकट तोंड फेसाच्या अगदी जवळ नेलं, बारीक अक्षर वाचावं तसं.

"सब्री," शेवटी तो हळूच म्हणाला, "गळ्याशी कुठल्या बाजूनं उगवते रे तुझी?"

"मला काय ठाऊक, उस्ता?" खाटकानं डोळे उघडले नाहीत. "तीस वर्षं तूच करतोयस."