मावशींची नखं

पाळणाघरात मावशींचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आपल्या स्वच्छतेबद्दल कुणी ब्र काढू शकत नाही, याचा त्यांना भारी तोरा होता. त्यामुळे एकापाठोपाठ एक पोरं दुपारच्या झोपेत चुळबुळत बूड खाजवायला लागली आणि डॉक्टरीणबाईंनी "जंत झालेत" असं सांगितलं, तेव्हा मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आमच्याकडे? शक्यच नाही. कुणाच्या तरी घरून आलेत."

मग तपास सुरू झाला. वाळूचा हौद झाकला. कुंपणावरून येणाऱ्या मांजराला हाकललं. शेवटी संशय आला 'चाटू'वर. हा पठ्ठ्या खेळण्यातली प्रत्येक गाडी आधी चाटून बघायचा, मगच चालवायचा. मावशींनी त्याच्या आईला कोपऱ्यात घेऊन घरच्या स्वच्छतेवर असं काही ऐकवलं की ती बिचारी रडकुंडीला आली.

डॉक्टरीणबाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मांजराचा काही संबंध नाही हो. खाजवताना जंतांची अंडी नखांत अडकतात, बोट तोंडात जातं. टॉवेल, चादरी, खेळणी, सगळीकडे पसरतात. आता तुमची आणि स्वयंपाकवाल्या ताईंचीही तपासणी करू."

"माझी कशाला?"

"दिवसभर पोरांत तुम्हीच असता ना?"

तपासणी म्हणजे सकाळी उठल्या उठल्या, आंघोळीच्या आधी, नको त्या जागी चिकटपट्टी लावायची आणि ती काचेवर डकवून न्यायची. मावशी न्हाणीघरात वाकड्यातिकड्या होऊन धडपडत होत्या. बाहेरून नवऱ्याने विचारलं, "काही मदत हवी का?"

"तुम्ही पेपर वाचा!"

ताई साफ निघाल्या. जंत निघाले मावशींना.

"अहो, पण मी दिवसभर हात धुते!" मावशी म्हणाल्या. डॉक्टरीणबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तेव्हा मावशींच्या लक्षात आलं, की आपला अंगठा आपल्याच दातांत आहे. लहानपणापासूनची खोड. त्यात जंतांच्या काळजीने नखं दुप्पट कुरतडणं चाललं होतं. शिवाय पोरांच्या ताटातलं उरलंसुरलं संपवायचीही सवय.

"म्हणजे मीच दिले सगळ्यांना?"

"तुम्ही त्यांना की त्यांनी तुम्हाला, कोण सांगणार? सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची, दोन आठवड्यांनी परत एकदा. आणि अंगठा काढा तोंडातून."

नवऱ्याचं म्हणणं, गोळ्या वाटून मोकळं व्हावं, स्वतःचं सांगायची गरज काय. मावशींनाही ते पटत होतं, अगदी मनापासून. पण चाटूच्या आईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. पालक जमल्यावर त्या उठल्या, घसा साफ केला आणि एका दमात म्हणाल्या, "जंत मलाही आहेत. मी नखं खाते. चाटूच्या आईला मी नाही नाही ते बोलले, चुकलं माझं."

एका आजोबांना हसू आवरेना, आणि त्यांच्या मागोमाग चाटूच्या आईलाही. मावशींना वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. तीही घेईना, तेव्हा त्याही हसल्या.

गोळ्या झाल्या. चादरी गरम पाण्यातून निघाल्या, प्रत्येकाच्या टॉवेलला वेगळी खुंटी मिळाली. पुढच्या तपासणीत सगळे साफ निघाले, मावशीसुद्धा. पोरांची नखं तपासायचं काम एका चुणचुणीत चिमुरडीने स्वतःहून अंगावर घेतलं. तिने पहिल्याच दिवशी मावशींचा अंगठा पकडला. कुरतडलेला! लगेच त्यांना पोरांच्या इवल्याशा खुर्चीवर बसवलं, तोंड भिंतीकडे.

संध्याकाळी नवरा न्यायला आला. मावशी खुर्चीत अडकल्यासारख्या बसलेल्या, शेजारी चिमुरडी कमरेवर हात ठेवून उभी.

"चला ना," तो म्हणाला.

"हळू बोला," मावशी भिंतीकडे बघतच कुजबुजल्या. "हिची आई येईपर्यंत सुटका नाही."