बावीस मुलींसाठी जागा

बावीस मुलींना तीन दिवस डोंगराच्या पायथ्याशी न्यायचं, ही कल्पना रत्नाबाईंची, आणि झोप उडाली तीही रत्नाबाईंचीच. साल चौसष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं काम नुकतं सुरू झालेलं, त्यासाठी देशावरून आलेली कुटुंबं आणि त्यांच्या मुली बोईसरच्या शाळेत. "पोरी अन् तंबूत? कशाला हवीत ही थेरं?" म्हणणाऱ्या आयांची बाईंनी घरोघरी जाऊन समजूत घातली होती. मुख्याध्यापकांनी मात्र बजावलं होतं, एकीलाही काही झालं तर हे पहिलं शिबिर आणि हेच शेवटचं.

दिवाळी झाल्यावर झुंबर शिपायाला घेऊन बाई जागा बघत हिंडल्या. शिरगावचा किल्ला नको, समोर समुद्र. नदीकाठ नको, पोरी पाण्यात उतरल्याशिवाय राहताहेत थोड्याच! आमराई बरी होती, पण वर मोहोळ, मग चुलीचा धूर न्यायचा कुठे? तोंड पोळलेलं नसतानाच ताक फुंकून पिणारी बाई ही. शेवटी मनोरच्या अलीकडे, टेकडीखाली एक जागा दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. सपाट, टणक, गवताची काडी नाही. साप आला तर दहा हातांवरून दिसेल.

"एवढी साफ केली कुणी म्हणायची?" झुंबर म्हणाला.

"केली असेल लग्नाबिग्नासाठी."

बाई परभणीकडच्या. तिकडचं खळं म्हणजे मधोमध तिवड्याचा खांब आणि त्याभोवती फिरणारे बैल. इथे तिवडा नव्हता, म्हणजे खळं नव्हतं, संपला हिशेब. विचारायला जवळपास कुणी नव्हतं, आणि शोधत कोण जातं?

आठवड्याने ट्रक मुलींना उतरवून परत गेला. दहा वाजेस्तोवर बत्तीस खुंट्या ठोकून चार तंबू उभे राहिले. मग मुली पानं गोळा करायला टेकडीच्या उतारावर गेल्या, तर बाईंची मान सारखी तिकडेच. आनंदी दिसते का? दमयंती फार वर तर गेली नाही? देवा, तीन दिवस नीट जाऊ देत, मग पुन्हा नाव काढणार नाही, असं त्या मनात तिसऱ्यांदा म्हणाल्या.

तेवढ्यात शेताच्या बांधावरून माणसं आली. डोक्यावर भाताचे भारे, कमरेला कोयते. तंबू दिसले तशी थबकली. भारे खाली ठेवले आणि कडेला ओळीने बसली. कुणी ओरडलं नाही की काही विचारलं नाही. आणखी चौघं आली, तीही बसली.

बाईंनी शिट्टी फुंकली, मुलींना तंबूंच्या मधे बसवलं आणि दोनदा मोजलं. बावीस. समोर चौदा माणसं, नऊ कोयते.

"बाई, ट्रक तर गेला," झुंबर पुटपुटला.

"मला ठाऊक आहे. गप्प बसा."

शेवटी एक उंच माणूस उठला. गोमा त्याचं नाव. मागे त्याची म्हातारी आई, बायडी. दोघं कडेपर्यंत आली, पण साफ जागेवर पाऊल टाकेनात.

"बाय," गोमा म्हणाला, "किती जागा जाणार?"

"जाणार म्हणजे?"

"माझ्या बहिणीच्या गावात, तारापूरकडं, पयले खुंटे मारले, मंग दोऱ्या लावल्या, मंग जागा सोडायचा कागद आला. आमचं घर पण जाणार काय? तेवढं सांगा. भारे कुठं ठेवायचे ते बघतो."

कोयत्यांना घाबरून बाई मुली मोजत बसल्या होत्या, आणि ही चौदा माणसं त्यांच्या खुंट्यांना घाबरून बसली होती.

"हे खळं आहे?"

"खळाच हाय. चार दिस सारवला," बायडी म्हणाली. तिची नजर बाईंच्या चपलांवर होती. "इथं भारे झोडतो आमी. कणसरीची जागा, धान्याच्या देवीची. चपला नाय चालत."

बाईंनी चपला काढल्या. त्यांना स्वतःची शरम वाटली. "आम्ही शाळेच्या आहोत," त्या म्हणाल्या. "जागा घ्यायला नाही आलो. परवा जाणार."

"ते पण गोडच बोलत होते," गोमा म्हणाला.

बाईंनी पदर खोचला आणि पहिली खुंटी स्वतः उपटली. मग मुली लागल्या, झुंबर लागला. सारवणाला बत्तीस भोकं पडली होती आणि भोवती भेगा. यात भात पडलं तर दाणा हाती लागायचा नाही. तंबू शेजारच्या कापलेल्या शेतात हलवले. डोंगर चढायचा बेत राहिला. गोमाच्या बायकोने शेण आणलं, मुलींनी माती कालवली, आणि अनवाणी बावीसजणी भोकं बुजवत पुढे सरकू लागल्या.

बायडी कडेला उभीच होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "म्हंजे भात झोडायचा आमी?"

"हो आजी. खळं तुमचंच आहे."

"यंदाच, का दरसाल?"

रत्नाबाईंनी हातातलं शेण भोकात दाबलं. त्यांचा नवरा तारापूरच्या त्याच कामावर होता. घरोघरी जाऊन त्यांनी किती आयांना शब्द दिला होता! हा एक देताना जीभ उचलेना.

"आमच्याकडून दरसाल," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं मला सांगता येत नाही."

बायडीने मान हलवली. तिला हे नवीन नव्हतं.

"मंग लवकर सारवा, बाय," ती म्हणाली. "यंदाचा भात तरी घरात येऊ दे."