हरवलेले दोन सेकंद

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला, पण आयुष्य गेले ते पोहण्याच्या तलावाच्या काठावर. पोहायला शिकवणाऱ्या सरांच्या गळ्यात मी वीस वर्षे लटकले. सर मुलांवर खेकसत, माझ्या शब्दाला मात्र मान देत. त्यामुळे मी थोडे शेफारले होते, हे कबूल करते.

या वर्षांत एकाच मुलीने माझ्या काट्यांना घाम फोडला. सगळे तिला मासोळी म्हणत. बाराव्या वर्षी तिने कॉलेजच्या मुलींना मागे टाकले, तेव्हा सरांनी चक्क माझा मुका घेतला.

तेराव्या वर्षी तिचे दोन सेकंद हरवले, तेवढेच अंतर कापायला तिला दोन सेकंद जास्त लागू लागले. भिंतीशी वळताना तिला धाप लागू लागली. तिच्या टॉवेलला सिगारेटचा वास येत होता. सरांनी तिला बाजूला घेतले.

"कधीपासून चाललंय हे?"

"एकदोनदाच, सर. मैत्रिणीबरोबर. आईला नका ना सांगू, पोहणं बंद करेल ती माझं."

स्पर्धा महिन्यावर आली होती. "पुन्हा दिसलं तर बघ," एवढे बोलून सर गप्प बसले. मलाही पदकाची हाव सुटली होती.

पदक मिळाले. मैत्रिणीने सिगारेट सोडली, ती आजही झकास पोहते. सगळ्याच जणी पुढे वाहवत जातात असे नाही. मासोळी मात्र वाहवत गेली. आधी गांजा, मग झोपेच्या गोळ्या, सोळाव्या वर्षी नशेची पावडर. सिगारेटनेच तिला तिथवर नेले का, ते मला ठाऊक नाही. मला फक्त सेकंद कळतात. पण ते दोन सेकंद आमच्या डोळ्यांदेखत हरवले होते आणि आम्ही कानाडोळा केला. याची मला लाज वाटते.

परवा सर व्यसनमुक्ती केंद्रात गेले. मी त्यांच्या खिशात होते. मासोळीला तिसऱ्यांदा भरती केले होते. बाहेर बाकावर तिची आई तिचे कपडे मांडीवर घेऊन बसली होती.

"ताई, मला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं," सर कसेबसे म्हणाले.

आईने मांडीवरचे कपडे बाजूला ठेवले. "तेव्हा ती माझं ऐकायची हो, सर."



मित्रांनो, माझी काच तडकली तरी चालेल, मला अडगळीत टाका. पण तुमच्यातले कोणी असे चोरून काही ओढताना दिसले, तर स्पर्धा संपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी त्याच्या घरी सांगा. ते पोर रागावेल, तुमच्याशी बोलणार नाही. पण अजून ते आईचे ऐकत असेल.