नाव लक्षात ठेवणारा माणूस

“मी सांगतो तुला डूली, कडक माणूस हवा होता आणि कडक माणूस मिळाला,” मिस्टर स्ट्राउड म्हणाले आणि तोंडातलं शेंगेचं टरफल त्यांनी कागदी पेल्यात थुंकलं.

माझी प्रार्थना अर्ध्यावर होती. सुया टोचून झाल्या, नळ्यांतून रक्त यंत्राकडे जायला लागलं, की मी डोळे मिटून सकाळची प्रार्थना म्हणते. ती संपेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही हा माझा जुना नेम. पण नेम माझा. मिस्टर स्ट्राउड त्याला कसे बांधील असणार? मिठात उकडलेल्या शेंगांची पिशवी त्यांनी ब्लँकेटखाली लपवलेली होती. डायलिसिसच्या माणसाला मीठ म्हणजे विष, हे त्यांना माहीत होतं. तो खारट, ओलसर वास माझ्यापर्यंत येत होता.

“कडक असेल हो,” पलीकडच्या खुर्चीतून डूली म्हणाला. तो निवृत्त पोस्टमन. “पण तो पोरांना चेंडू पुढे फेकूच देत नाही. चेंडू घ्या आणि घुसा, घ्या आणि घुसा. माझी आजीसुद्धा ओळखेल पुढं काय होणार ते.”

“तुझी आजी वारली ना?”

“म्हणून तर म्हणतो. मेलेल्या माणसालाही कळतं.”

“आणि मागच्या कोचनं काय दिवे लावले? फेकून फेकून हरला. बार्टो कॉलेजकडून. आपल्या मैदानावर. माझ्या नातवंडांसमोर.”

त्या पराभवाचं गावात सुतक होतं. शनिवारी आमच्या गावचं कॉलेज, हॅचर स्टेट, फुटबॉलमध्ये बार्टोकडून हरलं आणि रविवारी आम्ही चर्चमधून बाहेर पडेपर्यंत जुन्या कोचला काढलेलं होतं. मग आठवडाभर लोक विमानतळाच्या कुंपणाशी गाड्या लावून बसले. कुठलं छोटं विमान उतरतंय, त्यातून नवा कोच म्हणून कोण बाहेर येतंय, हे बघायला डूलीसुद्धा घडीची खुर्ची घेऊन गेला होता. एकदा सगळ्यांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं, तर उतरला तो कोंबड्यांच्या खाद्याचा व्यापारी. त्यानंही हात हलवून दाखवला म्हणतात.

शेवटी नाव जाहीर झालं. डॉयल हॅगन. तरुणपणी इथंच दुय्यम कोच होता, पोरांना पळवून-पळवून तयार करायचं काम त्याच्याकडे. मग दुसरीकडे गेला, जिंकला, मोठा झाला. आता सगळ्यांच्या वरचा कोच होऊन परत आला.

“त्याच्या हाताखाली पोरं रडतात म्हणे,” डूली म्हणाला.

“रडू देत की. हल्लीची पोरं लोण्याची. जरा पळवलं की आईला फोन लावतात.”

स्ट्राउडच्या आणि माझ्या मधल्या खुर्चीत ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढून लॅव्हॉन मिम्स पडलेला होता. त्यानं डोळे उघडले.

“रेनिटा,” तो नर्सला म्हणाला, “थोडा बर्फ मिळेल का गं?”

एवढंच. रेनिटानं पेलाभर बर्फाचे खडे आणून दिले. स्ट्राउड आणि डूली पुन्हा पहिल्या मुद्द्यावर आले. दोघांनाही लॅव्हॉनची गोष्ट माहीत होती. या गावात ती माहीत नसलेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

लॅव्हॉन हॅचर स्टेटच्या आघाडीच्या फळीत खेळायचा. हेल्मेट घालून समोरच्याला अडवणाऱ्या त्या थोराड पोरांमध्ये सगळ्यांत थोराड, आणि चर्चच्या दारातून आत येताना वाकून येणारा. त्याची आई ऑर्लीन माझ्याबरोबर गानवृंदात असते. हॅगन पूर्वी इथं होता तेव्हाची गोष्ट, ऑगस्टची दुपार होती. बैठकीत कुणीतरी जांभई दिली म्हणून हॅगननं सगळ्या फळीला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लावलं, आणि पाण्याच्या बादल्या गाडीत चढवून परत पाठवल्या. लॅव्हॉन पडला. हॅगननं बाकीच्यांना सांगितलं, त्याला वळसा घालून पळा.

त्याची लघवी कोकाकोलासारखी झाली, असं ऑर्लीननं मला स्वयंपाकघरात सांगितलं होतं, भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता. मूत्रपिंडं बंद पडली, मग अर्धीमुर्धी सुरू झाली; काही वर्षांनी तीही गेली. कॉलेजचे डॉक्टर म्हणाले, या घराण्यात रक्तदाब आहे. होता. इथं कुणाच्या घराण्यात नाही? गाव म्हणालं, पोरगं उन्हाळाभर खाऊन सुस्तावलं असेल. मग फुटबॉलचा मोसम सुरू झाला आणि पुढचं कुणी काही म्हणालं नाही.

आता लॅव्हॉन टायरच्या दुकानात चाकं बसवतो. आईच्या घरामागे बादल्यांमधून टोमॅटो लावतो. या आजारात त्याला स्वतःला टोमॅटो चालत नाहीत, म्हणून पिशव्या भरून चर्चमध्ये आणून ठेवतो. आणि शनिवारी रेडिओवर हॅचर स्टेटचा सामना ऐकतो. मी एकदा विचारलं होतं, तुला ऐकवतं कसं रे? तर म्हणाला, “खेळानं माझं काय वाकडं केलंय, मिस अल्टा?”

बुधवारी रेनिटा त्याच्या खुर्चीपाशी स्टूल ओढून बसली. तिचा आवाज खाली आला की काहीतरी वरून आलंय हे आम्हाला कळतं.

“लॅव्हॉन, शुक्रवारी कॉलेजची टीम येणार आहे. दरवर्षीसारखी. टोप्या वाटायला.”

“बरं.”

“नवे कोच पण येतायत.”

त्यानं ब्लँकेट वर ओढलं.

“मॅनेजर म्हणत होत्या, तुला शनिवारची वेळ देऊ का. तुझ्याच सोयीसाठी.”

“शनिवारी दुकान असतं.”

“नाहीतर कोपऱ्यातली खोली आहे. पडदा पण आहे तिला.”

“ती कावीळवाल्यांना वेगळं ठेवायची खोली ना?”

रेनिटानं मान खाली घातली. “मी नाही म्हणत हे. मला विचारायला सांगितलं.”

“तू विचारलंस. मी माझ्या खुर्चीत बसेन.”

ती गेल्यावर मी म्हटलं, “पोरा, कशाला जिवाला त्रास? एक दिवस पडद्यामागे बसलास तर काय बिघडेल?”

तो छताकडे बघत म्हणाला, “मला काही मागायचं नाहीये, मिस अल्टा. माफी नको, काही नको. तो समोर आला की मला एवढंच बघायचंय, त्याला माझं नाव आठवतं का. बाकीच्यांना त्यानं वळसा घालायला लावला तेव्हा मी शुद्धीत होतो. मला त्यांचे बूट दिसत होते. तेव्हापासून वाटतं, त्याच्या लेखी मी कोण होतो? माणूस होतो, का मैदानात पडलेलं काहीतरी?”

मी प्रार्थनेत त्याच्यासाठी मागितलं की त्या माणसाला नाव आठवू दे. देवाकडे काय मागावं हे माणसाला कळत नाही.

शुक्रवारी सकाळी स्ट्राउडनी शेंगा आणल्या नव्हत्या. भांग पाडलेला, अंगात टीमच्या रंगाचा लाल स्वेटर. डूलीनं दाढी केली होती.

“तू तर विरोधात होतास,” स्ट्राउड म्हणाले.

“विरोध चेंडूला आहे. माणसाला भेटायला काय हरकत?”

“सही मागणार असशील.”

“नातीसाठी.”

“तुला नात कधी झाली?”

“होईल की.”

मग दार उघडलं आणि सगळा हॉल एकदम उजळल्यासारखा झाला. पाच-सहा धिप्पाड पोरं, हातांत टोप्यांची खोकी, यंत्रांकडे बावरून बघणारी. कॉलेजचा फोटोवाला. आणि हॅगन. पांढरे दात, उन्हानं रापलेला चेहरा, प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांत बघत बोलायची पद्धत. स्ट्राउडना त्यानं त्यांच्या मोटारींच्या शोरूमचं नाव घेऊन ओळखलं. स्ट्राउडच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा, अर्ध्या गावाच्या गळ्यात जुन्या गाड्या मारलेला माणूस, आणि हुंदका गिळत होता. डूलीनं टोपीवर सही घेतली आणि चेंडूचं अवाक्षरही काढलं नाही.

हॅगन पुढच्या खुर्चीपाशी आला. थांबला.

“मिम्स,” तो म्हणाला.

मी लॅव्हॉनच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या एका क्षणात त्याचा चेहरा लहान मुलासारखा उघडा झाला. मला वाटलं, देवानं ऐकलं.

“लॅव्हॉन मिम्स. क्रमांक बहात्तर.” हॅगननं लॅव्हॉनचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मागे वळून पोरांना म्हणाला, “इकडे या सगळे. हा माणूस बघून ठेवा. ऑगस्टच्या उन्हात याला मी पळवलं. सगळे बसले, हा नाही बसला. पडेपर्यंत पळाला. थांबतो असं म्हणाला नाही कधी. हॅचर स्टेट म्हणजे काय, कुणी विचारलं तर या माणसाचं नाव सांगा.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग स्ट्राउडनी. मग डूलीनं. एका हाताला सुया, म्हणून दुसऱ्या हातानं मांडीवर थापट्या मारून त्यांनी टाळ्या वाजवल्या. हॅगननं खोक्यातली एक टोपी घेऊन लॅव्हॉनच्या डोक्यावर ठेवली आणि फोटोवाल्याकडे तोंड केलं. लॅव्हॉनचा हात त्यानं सोडला नव्हता.

“पाणी परत पाठवलं होतं तुम्ही,” लॅव्हॉन म्हणाला. हळूच. मला ऐकू आलं म्हणजे हॅगनलाही आलं.

“तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं, दोस्ता,” हॅगन कॅमेऱ्याकडे बघत, ओठ फारसे न हलवता म्हणाला. “हस जरा.”

मी आयुष्यात पुष्कळ घाण काढलेली आहे. आजारी माणसांची, म्हाताऱ्यांची, मेलेल्यांचीही. कधी नाक मुरडलं नाही. पण त्या पांढऱ्या दातांकडे मला बघवेना. विसरला असता तर बरं झालं असतं. विसरणाऱ्याला निदान माफ करता येतं. यानं सगळं जपून ठेवलं होतं, पुसून, घासून, चारचौघांत मिरवता येईल असं करून. ते पोराचं पडणंसुद्धा त्यानं स्वतःच्या नावावर लावून घेतलं होतं.

“टोपी काढा कुणीतरी,” लॅव्हॉन म्हणाला.

कुणी हललं नाही. रेनिटा हॉलच्या त्या टोकाला होती. मी हात लांबवला, पोचला नाही.

आम्हाला इथं एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात. सुया असलेला हात वाकवायचा नाही, नाहीतर सुई शीर फोडते आणि रक्त कातडीखाली साचतं. नाक खाजलं तरी नाही, फोन वाजला तरी नाही. लॅव्हॉननं तो हात वाकवला. कोपरातून पूर्ण वाकवून डोक्यापर्यंत नेला, टोपी काढली आणि ब्लँकेटवर ठेवली. यंत्र किंचाळायला लागलं. तांबडा दिवा लागला. दंडावरची कातडी आतून कुणी फुंकर मारल्यासारखी फुगत गेली.

हॅगननं त्याचा हात एकदम सोडला आणि मागे सरकला. आपल्या कोटाच्या बाह्या त्यानं उलटसुलट बघितल्या, रक्त लागलं का ते. नव्हतं लागलं.

“काय केलंस रे हे,” रेनिटा धावत येऊन बटणं दाबत म्हणाली. “काय केलंस.”

“चुकून,” लॅव्हॉन म्हणाला.

हॅगननं माझ्यापुढे टोपी धरली. मी हात पुढे केला नाही. “मला चालत नाही,” मी म्हटलं. त्याला वाटलं धर्माचं काही असेल. मान तुकवून, आदरानं, तो पुढच्या खुर्चीकडे गेला.

सोमवारी आम्ही आलो तेव्हा वर्तमानपत्रातला फोटो हॉलच्या भिंतीवर चिकटवलेला होता. यंत्र ओरडायच्या आधीचा. लॅव्हॉनच्या डोक्यावर टोपी, हॅगनचे दोन्ही हात त्याच्या हातावर. स्ट्राउडनी तो घरून कापून आणला होता, आणि शेंगाही आणल्या होत्या.

“माणूस असावा तर असा,” ते म्हणाले. “एवढ्या वर्षांनी नाव आठवलं. नंबरसकट.”

“मी माझे शब्द मागे घेतो,” डूली म्हणाला. “मनाचा मोठा माणूस आहे. चेंडूचं काय, फेकेल हळूहळू.”

“गावात आता कुणी विरुद्ध बोलत नाही. माझा मेव्हणा तिकिटं परत करणार होता, त्यानं उलट दोन जास्त घेतली. फोटो बघून.” स्ट्राउडनी टरफल थुंकलं आणि मधल्या खुर्चीकडे वळून ते प्रेमानं म्हणाले, “लॅव्हॉन, तूच सांग बाबा. तुझाच कोच. खरं का नाही?”

लॅव्हॉननं बाही वर केली होती. दंड काखेपर्यंत निळाकाळा पडला होता, कडेला पिवळट. रेनिटा त्याच्यापुढे स्टुलावर बसून, वाकून सुईसाठी जागा बघत होती.

“हो,” तो म्हणाला. “त्याला सगळं आठवतं.”

“बघ,” स्ट्राउड डूलीला म्हणाले.

“इथं नाही जमणार,” रेनिटा पुटपुटली. “इथंही नाही. दुखतंय का रे?”

“शोध तू. घाई नाही.”

ती बोटाच्या टोकानं त्या सुजेवरून शिरेची धडधड चाचपत राहिली, थोडं वर, थोडं खाली. हात जरासुद्धा न हलवता, खिडकीबाहेरच्या गाड्यांकडे बघत, तो तिला जागा सापडायची वाट बघत बसला.